रोपांच्या व्हॅनमधून खांबाजवळच्या खुर्चीकडे

१८ एप्रिल, सकाळ. लारिसा.

मी सांगते, सून लिहिते. मला अक्षर येत नाही. त्यामुळे आजवर अक्षराची अडचण झाली असेल, माझी नाही. ही रोजनिशी माझ्या एकटीसाठी आहे. ऊरानियाने लिहायची, पण वाचायची नाही, असं ठरलंय.

मुद्द्याचं. उद्या सकाळी व्हॅनने वर जायचं, डोंगरात, लिवादाकीला. आम्ही मेंढपाळ माणसं. थंडी सरली की वर, थंडी आली की खाली. मेंढरं विकून जमाना झाला, पण म्हणून काय उन्हाळा इथे लारिसा शहरातल्या फ्लॅटमध्ये काढायचा? मेंढरं गेली, पाय शाबूत आहेत.

पायांबद्दल लोक काहीबाही बोलतात. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

हिवाळ्यात बर्फाने आमच्या चर्चचं छप्पर बसलं. बायकांच्या बाजूला हात टेकायला दांडे असलेल्या उंच खुर्च्या होत्या, त्या सगळ्या मोडल्या. खांबाजवळची एक वाचली. ती माझी. म्हणजे आधी माझ्या सासूची, मग माझी. तिच्यात बसलं की पाठ खांबाला, हात दांड्यावर, आणि दारातून कोण उशिरा येतंय ते मान न वळवता दिसतं. आता आमचा पाद्री, पापा-थिमिओस, फोनवर म्हणतो, "आजी, छप्पर नवं, तसा कायदाही नवा. संत योर्गीच्या सणाला चर्च उघडणार. पहिल्या घंटेला त्या खुर्चीत जी असेल, तिची ती खुर्ची. भांडणं नकोत." बाकीच्यांना बुटकी बाकं. बुटक्या बाकावर मला बसता येतं. उठणं हा वेगळा विषय आहे.

झीसिस, माझा मुलगा, म्हणाला, "आई, खुर्ची मिळाली तर दर वर्षी वर नेईन, शब्द देतो. नाही मिळाली तर हा शेवटचा उन्हाळा. दर सणाला दोन-दोन तास उभी राहशील आणि पडशील. मागच्या वर्षी पडली होतीस." मी पडले नव्हते. बसले होते, जरा घाईने.

मी म्हटलं, मंजूर. मंजूर म्हणायला काय जातं? सण तेवीसला. रस्ता फार तर अर्ध्या दिवसाचा. उद्या दुपारी जेवायला लिवादाकीत, खुर्ची चार दिवस आधीच ताब्यात.

निश्चय: झीसिसच्या गाडी चालवण्यावर एक अक्षर बोलायचं नाही.

१८ एप्रिल, संध्याकाळ.

व्हॅन भरली. माझं अंथरूण, माझी पितळी कढई, ईस्टरची उरलेली लाल अंडी, आणि बाकी सगळी व्हॅन रोपांनी. टोमॅटो, मिरची, वांगी. झीसिसचा धंदा तोच. वसंतात टपावर लाउडस्पीकर लावून गावोगाव रोपं विकतो. म्हणाला, "आई, रोपं आठवडाभरात खपली नाहीत तर सुकतात. वाटेत विकत विकत जाऊ." मी म्हटलं, जाऊ की, माझ्यासारखी माणसं ओळखणारी बाई बरोबर आहे, दुपारपर्यंत व्हॅन रिकामी होईल.

पुढच्या सीटवर मी. ऊरानिया मागे, रोपांत. मिरचीचं पान कानात जातं अशी तिची तक्रार आहे. तिला सांगितलं, आमच्या वेळी सुना मेंढरांमागून पायी यायच्या आणि पाठीवर पाळणा असायचा. ती म्हणाली, "हो आई, तुमच्या वेळी डोंगरही उंच होते." हे लिहू नकोस म्हटलं होतं. लिहिलंच वाटतं.

१९ एप्रिल, सकाळ. अजून लारिसा.

निघण्याआधी एक महत्त्वाचं काम केलं. स्तेर्यानीला फोन.

स्तेर्यानी माझ्या शेजारची, वरच्या गावातली. हिवाळ्यात वोलोसला लेकीकडे असते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे आणि आयुष्यभर तेवढं एकच सांगत आली आहे. त्या खुर्चीवर तिचा डोळा माझ्या सासूच्या प्रेतयात्रेपासून आहे.

मी आवाज बारीक केला. म्हटलं, "बाई स्तेर्यानी, माझं काही यंदा वर जाणं होत नाही. गुडघे गेले." ती म्हणाली, "अगं आसिमिना, काय सांगतेस. माझेही गेले. मी तर जागची हलत नाही." मला दया आली. तिच्यामागे कोणीतरी मोठ्याने गावांची नावं पुकारत होतं आणि इंजिनं घुरघुरत होती. लेकीचा टीव्ही फार मोठ्याने चालतो वाटतं.

झालं. शत्रू घरी बसला. आता घाई कसली.

१९ एप्रिल, संध्याकाळ. त्रिकाला शहराच्या अलीकडे.

लिवादाकीत जेवण झालं नाही. कारण धंदा.

सपाटीवरच्या पहिल्या गावात झीसिसने माईक घेतला आणि ओरडला, "टोमॅटो आले, मिरच्या आल्या, बायांनो या." ही काय हाक झाली? मेंढरंसुद्धा वळली नसती. मी माईक घेतला. बायका गोळा झाल्या, कारण आवाजात वजन आहे. मग एकीने विचारलं, "आजी, वांगी लागतील ना?" मी खरं सांगितलं. म्हटलं, वांगी मलूल आहेत, या कोपऱ्यातली तर मी सासूच्या थडग्यावरही लावली नसती, मिरच्या घ्या. दुसरीने मिरच्यांचं विचारलं. तेही खरं सांगितलं. गिऱ्हाईक खऱ्यावर जगतं असं माझे वडील म्हणायचे.

एकही रोप गेलं नाही. बाया मात्र माझ्यावर खूश. तीन जणींनी कॉफीला बोलावलं, आणि कॉफीला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

झीसिसने माईक सीटखाली ठेवला. माईक तापला होता, म्हणाला.

निश्चय: उद्यापासून फक्त टोमॅटोबद्दल खरं बोलायचं.

२० एप्रिल, दुपार. लांब्रोसच्या घरी.

फोनमधली बाई झीसिसला मोठ्या रस्त्याने जा म्हणत होती. पण मोठा रस्ता लांब्रोसच्या गावाला वळसा घालतो. माझ्या नवऱ्याने लांब्रोसच्या पोराला हातात धरून बाप्तिस्मा दिला, तेव्हापासून तो आमचा कुंबारोस. कुंबारोसच्या दारावरून न जेवता जाणं म्हणजे रक्ताचं नातं तोडण्याहून वाईट. झीसिस म्हणाला, "पण आई, आपण त्याच्या दारावरून जातच नव्हतो." हाच तर कपटीपणा. वळसा घालून जाणं हे दारावरून जाण्यापेक्षा वाईट.

लांब्रोसने कोकरू कापलं. आता कापलेल्या कोकराचा अपमान कसा करायचा? रात्री मुक्काम.

लांब्रोसची बायको म्हणाली, "मावशी, ऐकलं ते खरं का? खुर्ची एकच राहिली?" मी म्हटलं, माझ्यासाठी आधीही एकच होती. ती म्हणाली, "कालच्या बसमध्ये मला वोलोसची एक म्हातारी दिसली, मोठी उशी घेऊन." मी म्हटलं, वोलोसला म्हाताऱ्यांना तोटा नाही. आणि उशी घेऊन माणूस दवाखान्यात जातं.

२१ एप्रिल, सकाळ.

आता मार्गदर्शन माझं. झीसिसला म्हटलं, फोनमधल्या बाईला झोपव. ती या डोंगरात कधी चालली? मी बारा वर्षांची असल्यापासून या वाटेने मेंढरं नेलीयत. लांब्रोसच्या मागच्या खिंडीतून खाली नदी, नदीवर दगडी पूल, पुलापलीकडे चढ, की झालं लिवादाकी. मोठ्या रस्त्याच्या निम्म्यात.

झीसिस म्हणाला, "आई, ती वाट मेंढरांची होती." मी म्हटलं, तुझी व्हॅन मेंढरापेक्षा हुशार नाही का? गप्प बसला. पटलं.

२१ एप्रिल, संध्याकाळ. पाण्याजवळ.

खिंड होती. उतार होता. नदी नव्हती. तिच्या जागी तळं आहे. डोंगरापासून डोंगरापर्यंत, निळंशार, मधे बदकं. आमची वाट सरळ पाण्यात उतरते आणि बहुतेक तळाशी पुढे चालू राहते.

झीसिस उतरला, काठापर्यंत गेला. मग म्हणाला, "धरण झालंय, आई. मी शाळेत होतो तेव्हाच झालंय." मी विचारलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "बोललो. तू म्हणालीस, गप्प बस, पटलं ना."

इथे नोंद स्पष्ट असावी म्हणून सांगते: वाट चुकलेली नाही. वाट बरोबर जागी आहे. तळं चुकीच्या जागी आहे.

ऊरानिया हसली. रोपांच्या आड हसली, पण पानं हलताना दिसतात.

व्हॅन वळवताना मागचं चाक चिखलात गेलं. मी खाली उतरून ढकलणार होते, पण उतरताना पाय जरा आखडला. दिवसभर बसून कोणाचाही आखडेल. झीसिसने माझ्याकडे पाहिलं. तसं पाहिलेलं मला आवडत नाही. माझा नवरा विकायच्या मेंढीकडे तसं बघायचा.

२२ एप्रिल, सकाळ. तिथेच.

व्हॅनमध्ये झोपलो. मला झोप उत्तम लागली. ऊरानिया सांगते मी कण्हत होते. ती इंजिनाची कुरकुर असावी. इंजिन बंद होतं असं ती म्हणते. मी लिहायला सांगते ते लिही, म्हटलं.

मेंढ्या घेऊन एक माणूस आला, सोतिरिस नावाचा. ट्रॅक्टर आणून व्हॅन ओढून काढली. पैसे घेईना. मी त्याला वांग्याचं अख्खं खोकं दिलं. झीसिसला वाटलं, मी उदार झाले. खरं म्हणजे वांग्यांचं भविष्य मला दिसत होतं.

सोतिरिसने विचारलं, "आजी, या वाटेने कुठे निघाला होता?" मी म्हटलं, "लिवादाकीला." तो म्हणाला, "पोहत?" अशा माणसाशी जास्त बोलण्यात अर्थ नाही. त्याची मेंढरंही बारीक होती.

२२ एप्रिल, दुपार. मोठा रस्ता.

मोठ्या रस्त्याला लागलो. उलटं सगळं, लांब्रोसच्या गावापर्यंत मागे आणि मग पुढे. या वेळी लांब्रोसच्या दारावरून जाताना मी सीटवर खाली सरकले. त्याने पाहिलं नाही. त्याचा कुत्रा आमच्या नावाने भुंकला, तेवढंच.

एक चूक झाली असेल तर एवढीच, की मी माझी माणसं सांभाळली. त्याची लाज कसली.

स्तेर्यानीला पुन्हा फोन लावला, सहज, तब्येत विचारायला. म्हणाली, "अगं काय सांगू, पडून आहे. लेक सूप करते आहे." तिच्यामागे मेंढ्यांच्या घंटा वाजत होत्या आणि कोणी पापा-थिमिओसच्या आवाजात खोकत होतं. वोलोसमध्ये आता शहरातही मेंढ्या पाळतात म्हणजे कमाल आहे. मी म्हटलं, काळजी घे हो, उठू नकोस. ती म्हणाली, "नाही उठत, बाई. एकदा बसले ना, की मी उठत नाही."

ऊरानियाने मागून विचारलं, "आई, तुम्हाला खरंच काही वाटत नाही?" मी म्हटलं, वाटतं ना. म्हातारपण वाईट, स्तेर्यानीसारखं.

२२ एप्रिल, संध्याकाळ. घाटाखाली.

झीसिसने गाडी पंपावर थांबवली. टोमॅटोही माना टाकायला लागलेत. ऊरानिया बाटलीने एकेका रोपाला पाणी घालत होती, आजाऱ्याला घालतात तसं. मग झीसिस माझ्या दारापाशी आला आणि टोपी काढून म्हणाला, "आई, उद्या काही झालं तरी रागावू नकोस. मी तुला कैद करत नाहीये. मागच्या वर्षी तू पडल्याचा फोन आला तेव्हा मी लारिसाहून वर गावात कसा पोहोचलो ते मलाच माहीत नाही. परत तसा फोन मला नको."

मी म्हटलं, उद्या खुर्ची मिळणार आहे, मग फोनचा प्रश्नच कुठे येतो.

तो म्हणाला, "आणि नाही मिळाली तर?"

उत्तर द्यायला वेळ नव्हता. मला अंड्याची सालं काढायची होती. लाल रंग बोटांना लागतो आणि जात नाही, म्हणून सावकाश काढावी लागतात.

निश्चय: पहाटे निघायचं. वाटेत कॉफी नाही, कुंबारोस नाही, खरं बोलणं नाही.

२३ एप्रिल, पहाट.

निघालो. एकदाही थांबलो नाही. एकाने हात केला, रोपं हवी होती त्याला. मी लाउडस्पीकरवरून सांगितलं, "उद्या." झीसिस हसला. चार दिवसांत पहिल्यांदा. म्हणाला, "आई, ही तुझी पहिली यशस्वी जाहिरात."

वळणं चढताना कान बंद होतात. चढाच्या कडेला बर्फ अजून आहे, काळं पडलेलं. घरांची छपरं दिसली. घंटा अजून झालेली नव्हती. मी ऊरानियाला सांगितलं, लिही: जिंकले. ती म्हणाली, "आधी आत तर जाऊ." ही पिढी सगळ्याची खात्री करून घेते.

२३ एप्रिल, सकाळ. चर्चच्या पायरीवर, घाईने.

नवा रंग, नवी लाकडं, आत माणूस नाही. मी दार ढकललं. खांबाजवळ स्तेर्यानी.

उशीवर बसलेली. दांड्यावर तिची शाल, पायाशी थर्मास, हातात विणकाम. मोज्याची टाच वळवत होती. म्हणजे रात्रीपासूनच बसली असणार. एवढा मोजा एका सकाळी होत नाही.

मी म्हटलं, "तुझे गुडघे गेले होते ना?"

ती म्हणाली, "म्हणून तर बसले आहे. तुझे?"

"माझे परत आले."

"बरं झालं, बाई. मग तुला उभं राहता येईल."

घंटा झाली. तिथे तिच्या डोक्यावरच, टणाटणा. पापा-थिमिओस खोकत आला, आम्हा दोघींकडे पाहिलं आणि लगेच धूप शोधायला गेला. हा माणूस बर्फातून वाट काढेल, पण दोन बायकांमधून काढणार नाही.

स्तेर्यानीने सुया थांबवल्या. खालच्या आवाजात म्हणाली, "आसिमिना, ऐक. गॉस्पेल वाचून होईपर्यंत मी बसते, मग तू बस. कोणाला काय कळणार आहे?"

दाराशी झीसिस उभा होता. टोपी हातात. त्याला कळणार होतं.

मी म्हटलं, "उपकाराच्या खुर्चीत माझी सासू बसली नाही. मी बसत नाही. बस तू, तुला गरज आहे."

ऊरानिया म्हणते, आता वही बंद करा, प्रार्थना सुरू होते आहे.

२३ एप्रिल, संध्याकाळ. लिवादाकी, माझ्या घरी.

मी उभी राहिले. सुरुवातीपासून, पाद्री शेवटी ब्रेडचे तुकडे वाटतो तिथपर्यंत. बुटक्या बाकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

हेही नोंदवायला हवं, की खांबाजवळची ती जागा काही खास नाही. दारातून वारा येतो. धुपाचा धूर थेट डोळ्यांत जातो. स्तेर्यानी सबंध वेळ शिंकत होती. मी इतकी वर्षं तिथे बसले ती निव्वळ सासूच्या मानासाठी.

ऊरानिया प्रवासाने फार थकली होती. तिला उभं राहवेना, हे मी ओळखलं. म्हणून मी तिचा दंड धरला आणि दोन्ही तास तिला सावरून उभं ठेवलं. माझ्यावर ती किती भार टाकत होती ते मलाच माहीत. मधे एकदा तर ती अशी कलली की आम्ही दोघी स्तेर्यानीच्या विणकामावर जाणार होतो. तरी मी सोडलं नाही.

बाहेर आल्यावर झीसिस म्हणाला, "आई, तू उभी राहिलीस." मी म्हटलं, त्यात काय. मग त्याने बायकोकडे पाहिलं. तिने बाही खाली ओढली आणि म्हणाली, "राहिल्या की. मी शेजारीच होते ना, पाहिलं." त्याने टोपी डोक्यावर घातली. मग माझं अंथरूण उतरवायला गेला. जाता जाता म्हणाला, "पुढच्या वर्षीचं बघू." त्याचा बापही असंच म्हणायचा, आणि त्याच्या बापाने काय काय पाहिलं ते मी सांगत नाही.

उरलेले टोमॅटो अंगणात लावायला सांगितलेत. इथे थंडीने लागत नाहीत असं सगळे म्हणतात. सगळ्यांचे लागत नसतील.

पुढच्या वर्षी मोठ्या रस्त्याने यायचं. पहिल्या दिवसापासून माझं तेच म्हणणं होतं.

आज एवढंच. अजून पुष्कळ सांगायचं होतं, पण ऊरानियाचा लिहिता हात सुजलाय, खांद्यापासून कोपरापर्यंत. कशाने, ते ती सांगत नाही.